उभ्या गाडीचं कारण

चिमी सहासष्ट वर्षांची होती, आणि तिला चिमी म्हणणारं माणूस जगात आता एकच उरलं होतं, तिची ताई. बाकीच्यांना ती मॅडम होती, भाचीला मावशी होती, आणि ज्या बस डेपोत तिने चौतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं लावली, तिथे ती घड्याळबाई होती. हे नाव आपण तिच्या पाठीमागे घेतो असं डेपोतल्यांना वाटे. तिला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं, आणि मनातून आवडलंही होतं.

डेपोतलं तिचं काम म्हणजे एक भलामोठा तक्ता. आडव्या ओळीत गाड्या, उभ्या ओळीत तास. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठे पोचणार, तिथून कुठल्या फेरीला लागणार, हे सगळं पेन्सिलीने भरायचं आणि चुकलं की खोडरबराने पुसायचं. नियम एकच, गाडी उभी राहता कामा नये. अर्ध्या तासाच्या वर गाडी उभी राहिली की त्या घरात लाल गोल काढायचा आणि शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. टायर फुटला, ब्रेक लागत नाही, पुलावर पाणी आलं. कारणाशिवाय लाल गोल दिसला की वरचे साहेब तक्ता परत धाडत. चिमीचा तक्ता चौतीस वर्षांत एकदाही परत आला नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि भांडारातल्या माणसाने निघता निघता कोऱ्या तक्त्यांची एक गुंडाळी हळूच हातात ठेवली. "बाई, रिकामं बसवणार नाही तुम्हाला," एवढंच म्हणाला. घड्याळ भिंतीवर गेलं. गुंडाळी मात्र सहा वर्षं कपाटावर पडून होती. ती खाली आली तेव्हा दोघी बहिणींचे पासपोर्ट हातात आले होते.

परदेशी जायचं हे त्यांचं लहानपणापासून ठरलेलं होतं, म्हणजे न ठरल्यासारखंच. आधी शिक्षण, मग ताईचं लग्न, मग वडिलांचं आजारपण, मग भाचीची शाळा, मग ताईच्या यजमानांचं दुखणं. चिमीने लग्न केलं नाही, पण तिलाही डेपोने बारा दिवसांची सलग रजा कधी दिली नाही. यजमान गेले त्याला आता तीन वर्षं झाली होती. ताईला चौऱ्याहत्तरावं लागलं तेव्हा चिमी म्हणाली की आता नाही तर कधीच नाही, आणि ताई नेहमीप्रमाणे म्हणाली, "तू म्हणशील तसं." पासपोर्टच्या फोटोत ताई पकडलेल्या चोरासारखी दिसत होती आणि चिमी तिला पकडणाऱ्या शिपायासारखी. त्यावर दोघी आठवडाभर हसत होत्या.

मग तीन महिने चिमी जेवणाच्या टेबलावर वाकलेली. तिने तिकडच्या आगगाड्यांची वेळापत्रकं भाचीकडून छापून आणली होती, आणि ती वाचताना तिला कादंबरी वाचल्यासारखं व्हायचं. सात दहाची गाडी खरंच सात दहाला सुटते, हे वाचूनच तिला भरून यायचं. बारा दिवसांत तिने सात गावं बसवली. डेपोत थांब्यांना कुणी सरकारी नावाने हाक मारत नसे, तुटक्या नळाचा थांबा, सासूचं वळण अशीच बोली. त्याच सवयीने तिने परदेशातल्या गावांना आपली नावं ठेवली होती. बंदराचं गाव, पुलांचं गाव, राजवाड्याचं, चित्रांचं, सरोवराचं, बुरुजाचं आणि शेवटी डोंगराचं, जिथे दातेरी चाकांची छोटी गाडी बर्फापर्यंत चढते. मधे एक बदलीचं गाव होतं, पण ते सातांत धरलेलं नव्हतं. तिथे फक्त गाडी बदलायची.

एका रविवारी तिने तक्ता ताईसमोर पसरला. ताईने चष्मा लावला आणि पहिल्या दिवसापासून ओळीवर बोट फिरवत निघाली. चिमी शेजारी उभी राहून सांगत होती. इथे पावणेसातला निघायचं, इथे सामान ठेवायची सोय स्टेशनातच आहे, इथे राजवाडा दीड तासात होतो. चौथ्या दिवशी ताईचं बोट थांबलं.

"इथे किती वेळ आहे?"

"बदलीचं गाव ना? अडतीस मिनिटं. आधी सव्वादोन तास जात होते तिथे. मी दोन रात्री खपून अडतीसवर आणलं."

"छान केलंस," ताई म्हणाली, आणि बोट पुढे सरकलं.

दोन दिवसांनी ताईने निरोप दिला की ती काही येत नाही. गुडघे. चिमीने एखादी मैत्रीण बरोबर न्यावी. तिकीट अजून काढलेलं नाही, तेव्हा कुणाचं काही अडत नाही.

चिमी ताबडतोब ताईच्या घरी गेली. घर दोन गल्ल्या पलीकडे, चालत सहा मिनिटं, त्या दिवशी ती चार मिनिटांत पोचली. ताई खिडकीशी बसून मटार सोलत होती. चिमीने विचारलं, समजावलं, थोडी रागावली, आणि शेवटी तीही मटार सोलायला बसली. ताईच्या तोंडून गुडघे याखेरीज दुसरा शब्द निघेना. आजवर ताईने कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलेलं नव्हतं. मला काही नको, असं म्हणायची ती. ते चिमीला पाठ होतं, आणि ते बाजूला सारून पुढे कसं जायचं तेही ठाऊक होतं. पण 'नाही'शी कसं वागायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यात भाची. ताईची ही एकुलती एक मुलगी, इस्पितळात नर्स, दिवसभर लोकांना उठवायची, बसवायची आणि धाक दाखवायची. तिने फोनवर मावशीलाही तेच केलं. आईला ओढत नेऊ नकोस, ती म्हणाली. सात गावं बारा दिवसांत म्हणजे तिच्या वॉर्डात स्ट्रेचर ढकलणारा माणूससुद्धा एवढा पळत नाही. चिमीने तिला ऐकवलं की तुझी आई वॉर्डात नाहीये, धडधाकट आहे. "मग ती नाही कशाला म्हणतेय?" भाचीने विचारलं.

इकडे मुदत भरत आली होती. प्रवास कंपनीतल्या मुलीला शनिवारी पूर्ण बेत हवा होता, रोज कुठे, रात्री कुठे, किती माणसं. त्यावर व्हिसाचा अर्ज जाणार होता. एक माणूस की दोन, ते शनिवारच्या आत ठरायला हवं होतं. एकटीने जायचं म्हटलं तर चिमीला सात गावांतलं एकही डोळ्यांपुढे येईना. लहानपणी दोघी ओसरीवर खुर्च्या मांडून बस-बस खेळत. चिमी कंडक्टर, ताई प्रवासी. ताई बिचारी आठ वर्षांनी मोठी, अभ्यास सोडून खुर्चीवर बसायची आणि कुठल्यातरी लांबच्या गावाचं नाव सांगायची. ही गाडी तिकडे जात नाही, असं म्हणून चिमी तिला आपल्याला वाटेल तिथे उतरवायची. पण गाडीत प्रवासी नसेल तर कंडक्टरने करायचं काय?

बुधवारी सकाळी दात घासताना तिला सुचलं. डेपोचा आणखी एक नियम होता. नवा मार्ग कागदावर कितीही नेटका बसू दे, आधी चाचणी फेरी करायची. रिकामी गाडी, पोत्यांत वाळू भरून माणसांचं वजन, आणि घड्याळ घेऊन चिमी पुढच्या बाकावर. चाचणी फेरीशिवाय तिने आयुष्यात एकही मार्ग सुरू केला नव्हता. आणि हा, आयुष्यातला सगळ्यात मोठा, तिने नुसता टेबलावर बसून लावला होता.

ती ताईकडे गेली आणि म्हणाली की एक दिवस माझ्यासाठी दे. चौथा दिवस सगळ्यात दगदगीचा, त्याची आपण इथल्या इथे नक्कल करू. तितकंच चालणं, तितकेच जिने, तितकंच सामान, तितक्याच गाड्या. गुडघ्यांनी नाही म्हटलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

"एकच दिवस ना," ताई म्हणाली. "चल. पण वाळू नको भरूस पिशवीत."

वाळू नव्हती. चिमीने दोन्ही बॅगा काट्यावर तोलून भरल्या. ताईच्या बॅगेत चादरी, दोन शब्दकोश आणि एक जुनी इस्त्री, आणि स्वतःच्या बॅगेत डेपोच्या जुन्या नियमपुस्तकांचा गठ्ठा. गुरुवारी पावणेसातला दोघी दारातून बाहेर पडल्या. ताईने नवे बूट घातले होते आणि गळ्यात पासपोर्टची पिशवीसुद्धा अडकवली होती, नक्कल करायची तर नीट करावी म्हणून. समोरच्या शेजारणीने गॅलरीतून विचारलं, "निघालात का परदेशी?" "आधी जंक्शनला," ताईने उत्तर दिलं, "तिथे पास झालो तर पुढे."

पहिली बस वेळेवर मिळाली. स्टेशनही वेळेवर आलं. आगगाडीत बसायला जागा मिळाली आणि चिमीने गुडघ्यावर तक्ता उघडून पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या. ताई खिडकीबाहेर बघत होती. मधेच तिने विचारलं की तिकडच्या चौथ्या दिवशी ही गाडी कुठून कुठे जाते. चिमी म्हणाली, पुलांच्या गावाहून बदलीच्या गावाला. ताईने मान डोलावली.

जंक्शनला गाडी बदलायला बारा मिनिटं होती. अडतीस मिनिटांची नक्कल बारा मिनिटांत कशी, असं ताईने विचारलं, तेव्हा चिमीने समजावलं की कठीण परीक्षा आधी घ्यावी. एक नंबरच्या फलाटावरून पुलावर चढायचं, चार नंबरवर उतरायचं. चिमीने आपली बॅग उजव्या हातात घेतली, ताईची डाव्या हातात हिसकावून घेतली, आणि जिन्याला लागली.

पहिल्या वळणापर्यंत ती धडाधड गेली. दुसऱ्या वळणावर तिच्या छातीत कोंबडं फडफडायला लागलं. तिने बॅगा टेकवल्या. पुन्हा उचलल्या. एका बॅगेचं चाक पायरीच्या फटीत अडकलं, ते सोडवताना कमरेत चमक भरली, आणि ती कठड्याला धरून उभीच राहिली. तोवर खालून ताई आली. एक हात कठड्यावर, एक पायरी, मग दुसरी, घाई नाही की थांबणं नाही. ती चिमीच्या शेजारून पुढे गेली, वर पोचली, आणि वळून बघत राहिली. "सावकाश ये," ती वरून म्हणाली. "मी आहे इथे."

चिमी वर पोचली तेव्हा चार नंबरची गाडी निघत होती. पुलावरून दोघींनी तिचा शेवटचा डबा लांब जाताना पाहिला. पुढची गाडी एक तास दहा मिनिटांनी होती.

फलाटावर एक लाकडी बाक होता, वर पत्र्याची सावली. आधी चिमी बाथरूमला जाऊन आली. तिच्या लक्षात आलं की पहाटेपासून जायचं राहूनच गेलं होतं, तक्त्यात त्याला जागाच नव्हती. मग ती पाणी प्यायली आणि श्वास जागेवर येईस्तोवर बाकावर टेकली. ताईने चहा आणला, दोन कागदी पेले, स्वतः जाऊन. पलीकडच्या बाकावर एक माणूस मोडकी छत्री उघडून तिच्या काड्या तारेने बांधत होता. ताई त्याच्याकडे बघत होती. एकदा त्याने वर पाहिलं तेव्हा तिने बोटाने दाखवलं की ती तिसरी काडी उलटी आहे. त्याने बघितलं, हसला, आणि काडी फिरवली.

"ताई," चिमी म्हणाली, "तुझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही."

"नाही."

"मग?"

ताईने पेला बाकावर ठेवला. "तू चहा पी आधी."

चिमी चहा प्यायली. एक मालगाडी आली, तिचे डबे मोजता मोजता संपले, फलाट पुन्हा शांत झाला.

"तू ते बदलीचं गाव म्हणतेस ना," ताई म्हणाली, "त्याला नाव आहे. एकवीस वर्षं मी ते नाव दिवसातून वीस वेळा घेतलंय."

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. परदेशी कॉलच्या टेबलावर. हे चिमीला ठाऊक होतं, जसं आपल्या घरात किती पायऱ्या आहेत ते आपल्याला ठाऊक असतं. त्या काळी परदेशी बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा आणि मग तासन्‌तास वाट बघायची. तिकडच्या भागातले सगळे कॉल त्या एका गावातल्या एक्स्चेंजमधून पुढे जात. इकडे ताई कानाला यंत्र लावून बसलेली, तिकडे तिच्यासारखीच कोणी बाई. नाव विचारायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, हा नियम. नंबर सांगायचा, जोडला म्हणायचं, तीन मिनिटं झाली म्हणायचं. ताई संध्याकाळी घरी आली की कुणाशी बोलत नसे, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून तिचं तोंड दुखायचं. चिमी तेव्हा डेपोत नवी होती आणि ताईला तासभर आपलं सांगत बसायची.

ताई सांगत होती की आपल्या दुपारच्या चहाला तिकडे बारा वाजायचे. त्या बाईच्या आवाजामागे घंटा सुरू व्हायची, आणि ती म्हणायची, थांबा. दोघी थांबायच्या. एकदा त्या वेळी लाइनवर कुणाचा कॉल नव्हता. ताईने नियम मोडून विचारलं की ही कसली घंटा. उत्तराऐवजी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खिडकीची कडी. तिने बोलायचं यंत्र खिडकीबाहेर धरलं असणार, कारण घंटा एकदम एवढी मोठी झाली की ताईला कानावरची पट्टी अर्धी काढावी लागली. घंटा, पारव्यांची फडफड, खाली कुणीतरी हसत होतं, एक गाडी दगडांवरून गेली. त्याबद्दल दोघींपैकी कुणीही कधी बोललं नाही, पण बाराच्या वेळी लाइन मोकळी असली की खिडकी उघडायची.

"बारा टोल," ताई म्हणाली. "पण शेवटचा टोल पडला तरी तो आवाज संपत नसे. नुसता राहायचा. बारीक होत होत जायचा. आणि तो संपायच्या आत दर वेळी कुणाचा तरी नंबर यायचाच. एकवीस वर्षांत मला तो एकदाही शेवटपर्यंत ऐकता आला नाही." तिने रिकामा पेला दुसऱ्या पेल्यात घातला. "तू तिथे बारा पन्नासला पोचतेस, चिमे. एक अठ्ठावीसला निघतेस."

चिमीला ते थांबलेलं बोट आठवलं.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तीन महिने तू त्या कागदावर वाकलेली. अडतीस मिनिटांवर आणलं म्हणून केवढी खूश होतीस. एका घंटेसाठी तुझं सगळं पुसायला लावू?"

"त्यापेक्षा यायचंच नाही, हे बरं?"

"बरं म्हणजे," ताई म्हणाली, आणि जरा विचार करून बोलली, "त्या गावात उतरायचं, घंटा होऊन गेल्यावर, आणि फलाटावरूनच परत चढायचं. ते मला जमलं नसतं. न गेलेलं चाललं असतं. इतकी वर्षं न जाताच ते गाव माझं राहिलंय."

चिमीने तक्ता उघडला, चौथ्या दिवसाची ओळ पाहिली, आणि मिटला. कुठेही एक रेघ वाकडी नव्हती. ड्रायव्हर-कंडक्टरची पाळी लावताना तिने चौतीस वर्षं त्यांच्या चहाची दहा मिनिटं सोडली होती, जेवणाचा अर्धा तास सोडला होता, आणि साहेब कापा म्हणाले तेव्हा भांडली होती. ते तिने ताईला सांगितलं, जरा स्वतःचीच बाजू मांडल्यासारखं.

"ते माणसांसाठी," ताई म्हणाली. "इथे तू आपल्याला गाड्या धरलंस. उभं म्हणून राहायचं नाही."

छत्रीवाला आपली छत्री मिटून निघून गेला. जाताना त्याने ताईकडे बघून ती छत्री जरा उंचावली. तासाभरात चिमीने सहा वेळा घड्याळ पाहिलं, ताईने एकदाही नाही. पुढची गाडी आली तेव्हा ताई म्हणाली की आता पुढे कशाला, घरी जाऊ. चिमीने ऐकलं. संध्याकाळी भाचीचा फोन आला, आईच्या गुडघ्यांचा निकाल काय लागला म्हणून. "गुडघे पास," चिमीने सांगितलं. "घड्याळबाई नापास."

शुक्रवारी ताई चिमीकडे आली. टेबलावर नवा कोरा तक्ता होता आणि त्यावर अजून एकही रेघ नव्हती. चिमीने पेन्सिल बाजूला ठेवून विचारलं, "तू कुठे उतरणार ते सांग."

ताईला ते सांगायला वेळ लागला. आधी म्हणाली, तू म्हणशील तसं. चिमीने पेन्सिलीला हात लावला नाही. मग ताई म्हणाली, एक दिवस मिळाला तरी पुरे. पेन्सिल तिथेच पडून. मग ताईने घसा साफ केला. तिला त्या गावात राहायचं होतं, नुसतं पोचायचं नव्हतं. एखाद दिवस ढगाळ असेल, एखाद दिवशी जवळ कुणी मोठ्याने बोलत असेल, तेव्हा तीन दुपारी तरी हाताशी हव्यात. आणि सरोवर, राजवाडा, बुरूज हे तिच्यासाठी घातलं असेल तर काढून टाकावं. पण डोंगराची दातेरी गाडी मात्र ठेवायची, कारण त्या गाडीचं नाव काढलं की चिमीचा चेहरा कसा होतो ते तिने पाहिलं होतं.

चिमीने गावं गाळायला घेतली. राजवाड्याला हात लावताना जरा दुखलं, कारण त्या दिवशीच्या गाड्या फार सुरेख जुळल्या होत्या. पण गाळता गाळता तिला दिसायला लागलं की प्रत्येक गाव बदलताना अर्धा दिवस जातो, सामान बांधणं, सोडणं, रस्ता शोधणं, आणि सात गावं म्हणजे तिने साडेतीन दिवस बॅगा ओढण्यात घातले होते. आता पहिली रात्र विमानात. मग बंदराच्या गावात दोन रात्री, त्यातला पहिला दिवस झोपेचा, कारण विमानातून उतरलेलं माणूस त्या दिवशी कशालाच उपयोगी नसतं असं भाचीने बजावलं होतं. बदलीच्या गावात चार रात्री. डोंगराच्या गावात तीन. शेवटची रात्र डोंगरापलीकडच्या शहरात, तिथूनच परतीचं विमान, म्हणजे आल्या वाटेने परत फिरायला नको. बारा दिवस बरोबर भरले. बाथरूमलाही वेळ उरला.

बदलीचं गाव हे नाव तिने खोडलं. त्या जागी ताईने स्वतःच्या हाताने गावाचं खरं नाव लिहिलं, वळणदार अक्षरात, चुकीचं वाचलं जाऊ नये म्हणून अक्षरं सुटी सुटी, जशी एक्स्चेंजच्या नोंदवहीत लिहायची तशी.

पाचवा, सहावा आणि सातवा दिवस कोरे राहिले. चिमी त्या तीन घरांकडे बराच वेळ बघत होती. मग तिने खणातून लाल पेन्सिल शोधून काढली, तीन गोल काढले, आणि शेवटच्या रकान्यात, कारण, घंटा, असं लिहिलं.

शनिवारी प्रवास कंपनीत गर्दी नव्हती. टेबलामागची मुलगी चष्म्यावरून तक्ता बघत, एकेक दिवस संगणकात भरत होती. तिने दोन नावं भरली, दोन्ही पासपोर्टचे नंबर भरले. पाचव्या दिवशी तिचा हात थांबला.

"आजी, इथे तीन दिवस काहीच नाहीये."

आजी म्हटलेलं चिमीला एरवी खपत नसे. आज तिने सोडून दिलं आणि लाल गोलावर बोट ठेवलं. "कारण लिहिलंय पुढे."

मुलीने वाचलं, दोघींकडे पाहिलं, आणि विचारलं की ती घंटा आता वाजते का ते बघू का, मिनिटभराचं काम आहे. चिमीला बघायचं होतं. तिचं सगळं आयुष्य आधी खात्री करण्यात गेलं होतं. तिने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली.

"नको," ताई म्हणाली. "नसेल वाजत तर आपण तिथे बसू. त्या खिडक्या तरी असतील."

मुलीने पाचवा, सहावा, सातवा असं तीनदा घंटा लिहिलं आणि वेळ विचारली. चिमी म्हणाली, साडेअकराला खोलीतून निघणार, पावणेबाराला चौकात, बाराला घंटा.

"साडेअकरा नको," ताई म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"अकराला निघू. बसायला नीट जागा मिळायला हवी. आणि घंटा झाल्यावर लगेच उठायचं नाही, चिमे, ते पण लिही."

चिमीने पर्समधून पेन्सिल काढली, मुलीसमोरचा तक्ता आपल्याकडे ओढला, आणि साडेअकरा खोडून अकरा केलं.